भाठ्यावर काही नाही

परवा सकाळी फिरून आले, पायरीवर बसले, चपला काढल्या आणि पाहते तर साडीचा काठ सगळा कुसळांनी शिवलेला. चिकटलेला नाही म्हणत, शिवलेलाच. कुसळ चिकटत नाही, घुसतं. पुढं सुईचं टोक, मागं लांब शेपूट, आणि एकदा कापडात शिरलं की पुढंच जातं, मागं येत नाही. दोन मोजेसुद्धा कामातून गेले. आणि मला काय वाटलं म्हणाल, तर बरं वाटलं. साडी खराब झाली म्हणून खूश होणारी बाई अख्ख्या रायपुरात मी एकटीच असेन.

पण कुसळ पिकलं म्हणजे अश्विन आला. इकडं कुंवार म्हणतात. पाऊस उघडला, धान लोंबीवर आलं, पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटायला लागली. आणि मुख्य म्हणजे, आमच्या मागचा भाठा अजून जागेवर आहे. दरवर्षी या दिवसांत मी माझ्या साडीच्या काठालाच विचारते, काय रे, आहे का? काठ टोचून सांगतो, आहे.

भाठा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही ते फार उशिरा कळलं. मुरमाड, लालसर, जराशी उंचावरची जमीन. बोटभर माती, खाली दगड. नांगर लागत नाही, पाणी थांबत नाही. झाडाला तिथं मोठं होता येत नाही, गवताला येतं. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमधून इकडं शहराच्या कडेला घर बांधून आलो तेव्हा मागच्या खिडकीतून तो दिसायचा. मी म्हणायची, मागं पडीक आहे, हवा चांगली येते. झालं. बारा-तेरा वर्षं माझं आणि त्याचं एवढंच नातं, हवा येण्यापुरतं.

आमच्याकडं दूध घालते ती सुकवारो. जातीची राउत, म्हणजे इकडचे गवळी. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हापासून गायी तीच चारते. सकाळी दूध देऊन निघाली की मी फाटकातून विचारायची, "कहाँ चली सुकवारो?" ती म्हणायची, "भाठा जावत हंव, दाई." मी ऐकायची, भट्टा. विटांचा. मला वाटायचं, बिचारी दुधाचं काम उरकून वीटभट्टीवर राबायला जाते. इतकी वर्षं मी तिची कीव केली. आमच्या महिला मंडळात सांगितलंसुद्धा, त्यांनी तिच्यासाठी जुन्या साड्या काढून ठेवल्या. एक दिवस कंपाउंडच्या भिंतीचं निघालं तेव्हा मी तिला थांबवून विचारलं, "तुम्हारे भट्टे में ईंट कैसी बनती है? पक्की रहती है ना?"

तिनं दुधाचा डबा खाली ठेवला. ठेवावाच लागला तिला, हसता हसता सांडला असता.

"ईंटा? भाठा मं ईंटा नइ होवय दाई. कांदी होथे, कांदी."

मला वाटलं, कांदे. म्हटलं, एवढ्या मुरमात कांदे? मग तिनं माझ्या अंगणातली हराळी उपटून माझ्या नाकासमोर धरली. "ये. कांदी." म्हणजे गवत. चाळीस वर्षं छत्तीसगढात काढली आणि मला गवताला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. तेव्हापासून ती मला भट्टावाली दाई म्हणते. अजूनही म्हणते, चारचौघांत.

ते वर्ष माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं. डॉक्टरांनी सांगितलं, अम्मा, रोज चलना है. मुलानं एकदा तेलीबांधा तलावावर नेलं. छान आहे, दिवे आहेत, फरशी आहे. पण तिथं माणूस चालायला कमी आणि फोटो काढायला जास्त येतो. मी कोणाच्या ना कोणाच्या फोटोत येऊन राहिली होती. शिवाय मुलगा सिलतऱ्याच्या प्लांटमधून काळ्या धुरानं भरलेली कॉलर घेऊन घरी येणार आणि मी त्याला म्हणणार, चल मला फिरायला ने? बरं दिसत नाही. म्हणून सुकवारोला म्हटलं, मला तुझ्या भट्ट्यावर ने.

नेलं तिनं. पुढं सहा गायी, मध्ये मी काठी टेकत, मागं ती.

लांबून काही नव्हतं. पिवळट तांबूस एक रंग, आणि मधूनमधून छिंदीची, म्हणजे रानखजुरीची, बुटकी झुडपं. आत गेल्यावर तो एक रंग सुटा सुटा व्हायला लागला. कुसळ तांब्याच्या रंगाचं. ओलसर जागेच्या कडेला काश गवताचे पांढरे तुरे, वारा आला की सगळे एकाच बाजूला मान टाकणारे. खाली, गवताच्या बुडाशी, बारीक निळी, जांभळी फुलं, शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान. आणि आवाज. नाकतोडे पायातून उडायचे तो, गायीच्या जिभेनं गवत तोडल्याचा चर्रर्र, कुठंतरी टिटवीची तक्रार.

सुकवारोनं एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर बोट ओलं करून टेकवलं. म्हणाली, "अब देख." कुसळाची शेपटी हलायला लागली. अंगाला पीळ देत, गोल गोल फिरत, टोक माझ्या हातात रुतायला निघालं. जिवंत असल्यासारखं. पहाटेचं दव पडलं की ते असंच जमिनीत फिरत फिरत घुसतं, ऊन लागलं की पीळ सोडतं, पुन्हा दव, पुन्हा पीळ. "अपन घर खुदे कोड़थे," ती म्हणाली. आपलं घर आपणच खणतं. लहानपणापासून मी कुसळाला शिव्याच दिल्या होत्या. ते कापडात घुसतं ते आपल्याला त्रास द्यायला नाही, त्याला आपण जमीन वाटतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग एका ओलसर खळग्यात तिनं मला वाकवलं. नव्या गुडघ्यानं वाकणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पण वाकले. पैशाएवढं एक लाल झाड जमिनीला चिकटून बसलेलं, पानांवर केस, केसांवर चिकट थेंब, आणि थेंबात एक मच्छर अडकलेला. ते झाड मच्छर खातं. मी घरी जाऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तुझ्या गोळ्या बदलल्या पाह्यजेत."

त्याच आठवड्यात बटेराचं घर दिसलं. आमच्याकडं लावा म्हणतात. पायाखालून भुर्रकन काहीतरी उठलं, मी मागच्या मागं सुकवारोच्या अंगावर. जिथून उडालं तिथं कुसळाच्या बुंध्याशी जरासा खळगा, गवताची चार पातं, आणि पाच अंडी. सायीच्या रंगाची. माझं पाऊल वीतभर बाजूला पडलं होतं. वीतभर. सुकवारो म्हणाली, रोज इकडून जाऊ नको, वाट पडली की कोल्हा वाचतो. म्हणजे आपण चालून चालून वाट पाडली की ती वाट दुसऱ्यालाही दिसते. मी दुसऱ्या दिवसापासून लांबून जायला लागले.

माझं माहेर आर्वीकडचं. गावाबाहेर सरकारी चराईची जमीन होती, तिला सगळे ई-क्लास म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, तिथं ई-क्लास आहे तर ए, बी, सी, डी वर्ग कुठं भरतात? मी सातवीपर्यंत शिकले, पण ई-क्लासमध्ये जास्त शिकले असते, लक्ष दिलं असतं तर. आई तिथं तरोट्याची भाजी खुडायला न्यायची. एक दिवस भाठ्यावर सुकवारोनं वाकून तीच भाजी दाखवली, म्हणाली चरोटा. एका अक्षराचा फरक, चव तीच. त्या दिवशी मी ओटीभर जून तरोटा घेऊन आले. या दिवसांत तो कडसर होतो, कोणी खाल्ला नाही. मी खाल्ला. ई-क्लास आता तिथं नाही, घरं झाली. कधी गेली तेही मला आठवत नाही. माहेरी जायची, यायची, कोणाला विचारलं नाही. पडीक जागा गेली तर कोण विचारतं?

दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही भाठ्यावर गेलो तर जमिनीवर चुन्याचे पांढरे गोल. ओळीनं, रांगोळीचे ठिपके टाकावेत तसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक गोल तर बटेराच्या घरापासून चार पावलांवर.

"हे काय?" मी विचारलं.

"गड्ढा कोड़ही," सुकवारो म्हणाली. "मशीन आही, दसहरा के बाद. पेड़ लगाही. कोनो अर्जी दे हे." मग माझ्याकडं नाही, पुढच्या काळ्या गायीकडं बघून म्हणाली, "मोर गरुवा कहाँ जाही?" माझी गुरं कुठं जाणार?

मशीन येऊन खड्डे खणणार, झाडं लावणार, कोणीतरी अर्ज दिला आहे. मी तिथल्या तिथं थंड झाले. कारण अर्ज कोणी दिला होता ते मला चांगलं माहीत होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या मंडळात ठरलं, नुसतं हळदीकुंकू नको, काहीतरी चांगलं करू, झाडं लावू. अर्ज लिहायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर बरं आणि हिंदी मी पेपर वाचून वाचून शिकलेली. मी लिहिलं होतं, "हमारे घरों के पीछे की ज़मीन बरसों से खाली पड़ी है. वहाँ कुछ नहीं है." ते "बरसों से" मला फार आवडलं होतं. सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

त्या दिवशी मी सुकवारोला काही सांगितलं नाही. गुडघा दुखतो म्हणून घरी आले.

ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "झाडं लावणं पुण्याचं काम. तुले कोण म्हणन वाईट केलं म्हणून?"

हीच तर पंचाईत होती. कोणीच म्हटलं नसतं. झाडं वाईट नसतातच. पण भाठ्यावर सावली पडली की कुसळ मरणार, कुसळ मेलं की बटेर कुठं अंडी घालणार, गायी काय खाणार? तिथं ऊनच राहतं सगळ्यांच्या घरात.

"मंग आता काय करतं?" ह्यांनी विचारलं.

"काय करू?"

"मले काहून विचारतं? अर्ज लिहिताना विचारलं होतं?" आणि वर म्हण ऐकवली, डोळ्यातल्या कुसळाची आणि मुसळाची. संधी सोडतील ते हे कसले.

रात्रभर विचार करून सकाळी मी फाटकात उभी राहिले. सुकवारो आली. म्हटलं, ती अर्जी मी लिहिली होती. मला वाटलं, दूध बंद करेल. रागावेल तरी. तिनं डबा खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं.

"तैं लिखे हस?"

"हव."

"त मिटा दे," ती म्हणाली. "जेन लिखे हे, तेनेच मिटाही."

तू लिहिलंस, तू पूस. एवढंच. दूध मापून दिलं आणि गेली. मला कोणी इतकं मोठं काम इतक्या विश्वासानं याआधी सांगितलं नव्हतं.

पुसायचं म्हणजे दुसरा अर्ज, आणि त्यावर मंडळाची सही हवी. मंडळाच्या मोहोडताई, आमच्या अध्यक्ष, त्या काही सुकवारोसारख्या मोजकं बोलणाऱ्या नाहीत. "अवो, दोन मयने झाडं पायजेत म्हणून तूच डोकं खाल्लं आमचं, अन् आता झाडं नको? लोकं म्हणतील, बाया येड्या झाल्या."

"म्हणू द्या. झाडं पायजेतच. रस्त्याच्या कडेनं लावा, शाळेच्या भिंतीला लावा. मागं नको."

"मागं काय आहे असं?"

मी सांगायला लागले. मच्छर खाणाऱ्या झाडापर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "बास. सही करतो. पण ते झाड मले दाखवशील." दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवलं. तिथं त्यांनी काशाचे तुरे तोडून गणपतीच्या फोटोला लावायला नेले, तो भाग वेगळा.

दुसरा अर्ज लिहायला आम्ही तिघी बसलो. पायरीवर सुकवारो, खुर्चीवर मी, आणि खाली वही घेऊन माझी नात सानू, कारण माझ्या मात्रा चुकतात. सानूला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. मी म्हटलं, पहिल्या अर्जात लिहिलं होतं कुछ नहीं है. यात आता लिहायचं, काय काय आहे. सुकवारोला म्हटलं, सांग.

ती आधी म्हणाली, "का नइये, तेला लिखबो त छोटे परही." काय नाही ते लिहिलं तर लवकर उरकेल. मग सांगायला लागली. कुसळ, कांस, छिंद. बटेर, तितर, टिटही. मुनिया, जी काशाचा कापूस नेऊन गोल घर बांधते. खरहा, म्हणजे ससा. मुंगूस. नीलकंठ. वारुळं, आणि सावनात त्यावर उगवणारी पिहरी, म्हणजे अळंबी, जिची भाजी मटणाला मागं टाकते. सानू भराभर लिहीत होती.

"आजी, गाय भी लिखूँ? गाय तो सबको पता है."

"लिही. पता असती तर चुना टाकला असता का?"

दोन पानं भरली. शेवटी सानूनं विचारलं, "और वो जो तुम्हारी साड़ी में चिपकता है?" म्हटलं, ते सगळ्यात वर लिहिलंय.

पहिला अर्ज दिला होता त्याच कार्यालयात गेले. तिथला साहेब पोरगेलासा, नम्र. आधी माझा पहिला अर्ज काढला, मग दुसरा वाचला. म्हणाला, "अम्मा, लोग पेड़ कटने की शिकायत लेकर आते हैं. न लगाने की पहली बार आई है. और लिखा तो आप ही ने था, कुछ नहीं है."

"हव. गलती मेरी है," म्हटलं. "हम लोग जिसका नाम नहीं जानते, उसको कुछ नहीं बोल देते हैं."

हे वाक्य मी घरून पाठ करून नेलं नव्हतं. आपोआप आलं. त्याचंही बहुधा काहीतरी झालं असावं, कारण तो हसला नाही. पुढं वाचत राहिला आणि लाल झाडापाशी थांबला. "ये सच में है?"

"कल सुबह आइए."

आला. मोटारसायकल रस्त्यावर लावून, बुटानं चालत. सुकवारोनं त्याला त्या खळग्यापाशी वाकवलं, जसं मला वाकवलं होतं. बराच वेळ तो गुडघ्यावर होता. उठला तेव्हा पँट मांडीपर्यंत कुसळांनी भरलेली. सुकवारो तोंडावर पदर धरून म्हणाली, "साहेब ला घलो सिल दिस." साहेबालाही शिवलं. तो पँट झटकत राहिला, कुसळ झटकून जातंय थोडंच? जाताना म्हणाला, "देखता हूँ."

सरकारी माणसाचं "देखता हूँ" म्हणजे काय, हे रेल्वेवाल्याच्या बायकोला कोणी सांगायला नको. मी आशा ठेवली नाही. पण दसऱ्याच्या सकाळी गोलबाजारातून आणलेली झेंडूची माळ दाराला लावली आणि एकटीच भाठ्यावर गेले. त्या दिवशी नीलकंठ दिसला तर वर्ष चांगलं जातं, असं माहेरीही म्हणायचे आणि इथंही म्हणतात. तो विजेच्या तारेवर बसला होता, तपकिरी, काही विशेष नाही असा. मग उडाला आणि पंख उघडले. ती निळाई मी शब्दात सांगत नाही. मी हात जोडले आणि काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, चूक झाली.

दोन दिवसांनी मशीनचा आवाज आला. मी भाकरी तव्यावर टाकून निघाले, नव्या गुडघ्यावर, धावत म्हटलं तरी चालेल. हे मागून ओरडून राहिले होते, चप्पल तरी घाल. मशीन रस्त्याच्या कडेला होतं. तिथंच, कडेकडेनं, खड्डे घेत शाळेच्या भिंतीकडं जात होतं. ड्रायव्हरला विचारलं, आत नाही जाणार? म्हणाला, "नहीं माताजी, लाइन बदल गई."

आत भाठ्यावर चुन्याचे गोल अजून होते, दवानं पुसट झालेले. सुकवारो गायींपाशी बसली होती. तिनं बोटानं खूण केली, हळू ये. कुसळाच्या बुंध्याशी नुसती टरफलं होती. आणि जरा पुढं, गवताच्या बुडाशी, आईच्या मागं अक्रोडाएवढी पाच पिल्लं पळत होती. चार की पाच, मला नीट मोजता आली नाहीत, डोळे भरले होते. सुकवारो पाच म्हणाली. तिचंच खरं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. रस्त्याकडेची कडुनिंबं डोक्यावर गेली आहेत, त्यांच्या सावलीत मोहोडताई बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ही आमच्या मंडळानं लावली. खरंच आहे. भाठा किती वर्षं राहील मला माहीत नाही. यंदा त्या टोकाला कोणीतरी फीत घेऊन मोजत होतं. पुन्हा लिहावं लागलं तर सानूची वही आहे, आणि सुकवारोला अजून सगळं पाठ आहे. पण साठी उलटल्यावर एखाद्या बाईला नवं जग मिळतं, तेही घराच्या मागच्या दारी, आणि ते देणारी तिची दूधवाली असते, यापेक्षा जास्त कोणाला काय मिळतं? सुकवारोला मी एकदा असं काहीतरी बोलून दाखवलं. ती म्हणाली, "गोठ झन कर, गाय देख." गप्पा नको मारू, गाय बघ.

तर परवाची गोष्ट सांगत होते. पायरीवर बसले होते, काठ कुसळांनी शिवलेला. सानू कॉलेजला निघाली होती, पाठीवर बॅग. मला बघून थांबली.

"भट्टे से क्या लाई आजी?"

"काही नाही," म्हटलं.

तिनं बॅग खाली ठेवली, माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही दोघी साडीतलं ते काही नाही एकेक करून वेचत बसलो.